गोकुळ बँडचा पत्ता

मु. पो. सावरखेडी,
जि. बुलडाणा
१८ ऑक्टोबर, शनिवार

श्री. गोकुळराव भगवानराव सोळंके यांना सईद मास्तरचा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि हात मोकळे झाल्यावर उजव्या हाताने सलाम. पाकीट पाहून दचकू नये. इकडे सगळे जिवंत आहेत.

अडतीस वर्षांत आपलं बोलणं नाही, त्यामुळे तुम्हाला 'तू' लिहावं की 'तुम्ही' यातच दोन कोरे कागद वाया गेले. शेवटी बायकोला, अमीरबीला, विचारलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याच्यासंग कोर्टात दावा झाला त्याले तुमीच म्हनतेत." म्हणून तुम्ही. तुमचे गुडघे, तुमची साखर आणि सोजरावहिनींचा दमा, सगळं नाशिकच्या हवेत आटोक्यात असेल असं धरून चालतो. (तुमचा पुतण्या राम म्हणाला की तिन्ही आटोक्यात नाहीत, पण पत्राच्या सुरुवातीला तसं लिहायची रीत नाही.) पत्ताही रामनेच दिला. देताना दोनदा विचारलं, "काका, भांडायसाठी तर नाई न?" मी म्हणालो, नाही बाबा, काही मागायचंही नाही, फक्त कळवायचं आहे. माझ्याकडे पाहून त्याने पत्ता नीट अक्षरात लिहून दिला.

कळवायचं ते असं की आपला बँड, म्हणजे माझा बँड, म्हणजे ज्यावर नाव तुमचं आहे तो गोकुळ ब्रास बँड, अजून चालू आहे. पूर्वी एकवीस माणसं होती, आता नऊ आहेत, आणि त्यातला एक फक्त गाडी चालवतो, पण टोपी घालून बसतो म्हणून मोजतो. डीजेवाल्यांनी लग्नं नेली. तरी चिखलीचे दोन जुने घरधनी, मेहकरची चार-पाच घरं आणि गणपतीचे दहा दिवस एवढं अजून आपल्याकडे येतं. मला या अख्ख्या मुलखात सईद म्हणून कोणी ओळखत नाही हे तुम्हाला ठाऊक नसेल. पंधरा गावांत मी 'गोकुळ मास्तर' आहे. लग्नपत्रिका गोकुळ मास्तरला येतात. मोहल्ल्यातली पोरंसुद्धा 'गोकुळचाचा' म्हणतात. मागे दवाखान्यात कंपाउंडरने 'सईद खान' असा तीनदा पुकारा केला आणि मी शेजारच्या माणसाला म्हणालो, जा की भाऊ, तुले बोलावून राह्यले.

आता मूळ गोष्ट. माझी नात हीना, थोरल्या मुलीची मुलगी, आमच्याकडेच वाढली. कॉम्प्युटरचं शिकली आहे आणि घरात बसल्या बसल्या परगावची कामं करते. गेल्या वर्षी तिच्या मनात आलं की नानाचा बँड इंटरनेटवर टाकायचा, म्हणजे लोकांना तिथूनच तारीख धरता येईल. मी म्हणालो, टाक. मला वाटलं भिंतीवर पाटी रंगवतात तसं काही असेल. पण तिथे आधी पत्ता घ्यावा लागतो म्हणे. आपल्या नावाचा पत्ता जगात एकालाच मिळतो, जो आधी नोंदवील त्याचा. हीनाने 'गोकुळ बँड' असं टाकून पाहिलं, तर तो पत्ता आधीच कोणीतरी घेतलेला. उघडला, तर पुण्याकडची एक लग्नं सजवून देणारी कंपनी. (नाव लिहीत नाही, पुन्हा नोटीस येईल.) त्यांच्या फोटोत वीस माणसं, एकसारख्या मिशा, आणि मधला जो माझ्यासारखा पितळी कॉर्नेट धरून उभा होता त्याने तो उलटा धरला होता. मी चष्मा पुसून तीन वेळा पाहिलं. उलटाच!

हीनाने त्यांना नम्रपणे लिहिलं की आमच्या नानांचा याच नावाचा बँड जुना आहे, काही तोड निघेल का. त्यावर त्यांचं उत्तर न येता त्यांच्या वकिलाचं आलं. इंग्रजीत होतं. मतलब असा की पत्ता आमचा, म्हणून नावही आमचं, तुम्ही पंधरा दिवसांत तुमच्या गाडीवरून, ढोलावरून आणि टोप्यांवरून 'गोकुळ' हे नाव काढून टाका.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला राग यायच्या आधी हसू आलं. गाडी, ढोल आणि टोप्या. हीच तीन नावं, याच ओळीने, मी एकदा आधी वाचली होती. सत्त्याऐंशी साली तुमच्या दाव्यात.

त्या दाव्याबद्दल मी कधी कोणाजवळ बोललो नाही, पण आता या नोटिशीसाठी धरलेल्या वकीलबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगायची सवय लावली आहे, तर लिहूनच टाकतो. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तुमचं लग्न झालं. सासरे वामनराव मेहकरकडचे, जमीन मोठी, ओळखी मोठ्या. त्यांनी तुम्हाला एसटीत कारकून म्हणून चिकटवलं आणि तुम्ही जालन्याला गेलात. मला सांगितलं नाही. अक्षय तृतीयेच्या दिवशी देऊळगाव राजाच्या लग्नात मी नवरदेवाला तीन तास थांबवून ठेवलं, क्लॅरिनेटवाला येऊन राह्यला म्हणून, आणि मग तुमच्या धाकट्या भावाने येऊन सांगितलं की दादा नोकरीवर हजर झाला. पुढे वर्षभराने वामनराव चिखलीच्या बाजारात कापूस घालायला आले होते, आणि नेमकी समोरून आपली वरात. ढोलावर मोठ्या अक्षरात जावयाचं नाव आणि त्यावर आमचा अकरम दोन्ही हातांनी काठ्या हाणतोय. म्हातारा तिथेच गाडीवरून ओरडला म्हणे, "अरे, जावयाच्या नावावर काठ्या मारून राह्यले!" महिन्याभरात मला समन्स. वादी गोकुळ भगवान सोळंके, प्रतिवादी सईद खान. वादीचं नाव वापरण्यास निरंतर मनाई व्हावी.

ते समन्स घेऊन मी दिवसभर घराच्या पायरीवर बसलो होतो. सही तुमची होती. तुमचा तो 'ग', ज्याची दांडी नेहमी वेगळी पडते.

ज्या दिवशी तुमची साक्ष होती त्या दिवशी मी कोर्टात गेलो नाही. माझ्या वकीलसाहेबांना सांगितलं की लोणारला लग्न आहे. लग्न नव्हतं. लोणारला गेलो मात्र, आणि दिवसभर खड्ड्याच्या काठावर बसून खाली पाणी पाहत राहिलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "जिंकलो. तुझ्या त्या गोकुळने फार जोर लावला होता, पण मी त्याले असा उभा-आडवा सोलला की जज्जसाहेबांनी दावाच फेकून देल्ला." मी त्यांना पेढे दिले. घरी येऊन ढोल पुसला. तुमचं नाव जिंकल्याबद्दल तुमच्यावरच चिडून मी ते नाव त्या दिवसापासून आजपर्यंत वाजवत आलो. बसस्टँडवर एकदा तुम्ही जालन्याच्या गाडीत खिडकीशी बसलेले दिसलात. तुम्ही हात वर केला होता. मी पानवाल्याकडे तोंड फिरवलं. तुमच्या आई, झुंबरबाई, गेल्या तेव्हा मी सकाळीच तोंड पाहून निघून आलो, कारण तुमची गाडी दुपारी पोहोचणार होती. हे सगळं लिहिताना बरं वाटत नाही, पण पुढे कशासाठी लिहिलं ते कळेल.

तर नोटीस घेऊन हीना आणि मी चिखलीला महामाया खिल्लारे नावाच्या वकीलबाईंकडे गेलो. वय असेल तीस, पण सगळं एकदाच ऐकतात आणि विसरत नाहीत. त्यांनी समजावलं की इंटरनेटच्या पत्त्यांची नोंद ठेवणारं ऑफिस दिल्लीकडे आहे, तिथे तक्रार टाकायची, मग ते एक लवाद नेमतात आणि तो ठरवतो की पत्ता कोणाचा. फक्त दाखवावं लागेल की नाव तुमचं आणि जुनं आहे. मी म्हणालो, अख्खा जिल्हा सांगेल. त्या म्हणाल्या, "मास्तर, जिल्ह्याची झेरॉक्स निघत नाही. कागद काय आहे?" कागद! बँडवाल्याकडे कागद कसला? सुपारी तोंडी, तारीख तोंडी. ढोलाचं कातडं सतरा वेळा बदललं, दर वेळी नाव नव्याने रंगवलं. मग मीच हळूच म्हणालो की एक दावा झाला होता. बाई खुर्चीतून उठल्याच. "तुमच्या नावावर कोर्टाचा निकाल आहे आणि तुम्ही आत्ता सांगता?"

त्या निकालाची प्रतसुद्धा माझ्याकडे नव्हती. वकीलसाहेबांना जाऊन वीस वर्षं झाली, त्यांच्या मुलाने फायली केव्हाच रद्दीत घातलेल्या. हीना म्हणाली, आजकाल सगळे खटले मोबाईलवर दिसतात, नाव टाकलं की झालं. टाकलं. आमचा जुना दावा काही सापडला नाही, पण सईद खान मात्र अकरा निघाले. एकावर जुगाराची केस, एकाची भावाशी विहिरीवरून, आणि एकावर बकरी चोरल्याचा खटला, तोही चालू. मी हीनाला म्हणालो, बंद कर, पण तोवर अमीरबीने मागून वाचलं होतं. रात्री ताट वाढताना तिने सरळ विचारलं, "बकरी कुठी बांधली तुमी?" पुढे आठ दिवस घरात हाच विषय. हीनाने तिला समजावलं की नानी, कोर्टाची कागदपत्रं कोणालाही दिसावीत हे चांगलंच असतं, त्यात लपवाछपवी राहत नाही. अमीरबी म्हणाली, दिसावी, पण बापाचं नाव मोठ्या अक्षरात लिवावं. मला तिचं म्हणणं पटलं.

शेवटी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज घेऊन गेलो. तिथे छाया इंगळे म्हणून बाई आहेत. चेहरा ओळखीचा वाटला आणि त्यांनाही माझा वाटला, कारण त्यांच्या लग्नात आपणच वाजवलं होतं, म्हणजे मी. त्यांनी चहा मागवला, अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "मास्तर, चुकलं तुमचं. तुमी वादी आहात. इथं प्रतिवादी लिहिलं." मी म्हणालो, मी प्रतिवादीच. त्या म्हणाल्या, "काऊन? वादी गोकुळ आहे न. तुमी गोकुळ मास्तर." मी आधार कार्ड काढलं. त्यांनी ते वाचलं, उलटं केलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली करून विचारलं, "मंग माझ्या लग्नात कोनी वाजवलं?" अर्धा तास गेला. शेवटी महामायाबाईंनी प्रतिज्ञापत्र करून दिलं की मी, सईद खान, जो गोकुळ म्हणून ओळखला जातो, तो गोकुळ नसून सईद आहे, आणि जो खरोखर गोकुळ आहे तो मी नाही. त्यावर मी सही केली. इतकं खरं मी आयुष्यात कधी लिहून दिलं नव्हतं.

फाइल मिळेल अशी आशा नव्हती. जुन्या दिवाणी फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, निकाल तेवढा ठेवतात. पण छायाबाई त्या लग्नाला जागल्या. पाच दिवस शोधत होत्या. सहाव्या दिवशी फोन आला की आपली सगळी फाइल, साक्षीपुराव्यासकट, एका बांधाच्या दाव्याच्या गठ्ठ्यात बांधलेली निघाली. त्या बांधाचं भांडण तीन पिढ्या चालू आहे, म्हणून त्या गठ्ठ्याला कोणी हात लावला नव्हता. त्या दोन भावांचं भांडण मिटलं असतं तर आज माझ्या हातात काही आलं नसतं. अल्ला त्यांना सुखी ठेवो.

नक्कल हातात पडली तेव्हा मी कोर्टाच्या ओसरीवर बाकावर बसलो. हीना माझ्याशेजारी. निकाल तिने वकीलबाईंसाठी बाजूला काढला. मी साक्ष उघडली. मला पाहायचं होतं की तुम्ही किती जोर लावला होता. वकीलसाहेबांनी तुम्हाला कसं सोललं होतं.

आता ती साक्ष माझ्यासमोर आहे, तशीच उतरवतो. "हे म्हणणे खरे आहे की, दाव्यावर सही माझी आहे. मी दावा वाचलेला नाही. सासऱ्यांनी सांगितले म्हणून सही केली. बँडचे नाव प्रतिवादीने ठेवले. त्या वेळी मी काविळीने आजारी होतो. दोन महिने खाटेवर होतो. प्रतिवादीने रंगाऱ्याकडून ढोलावर माझे नाव लिहून घेतले आणि ढोल आमच्या घरी आणून माझ्या खाटेजवळ ठेवला. तो म्हणाला, आता तू मेलास तर मला पुन्हा रंगवावा लागेल. हे म्हणणे खरे नाही की, नाव वापरल्याने माझी बदनामी होते. ते नाव मी प्रतिवादीला दिले आहे. मला दावा चालवायचा नाही. मी हे सासऱ्यांच्या समक्ष सांगत आहे." खाली तुझी सही. दांडी वेगळी पडलेला 'ग'.

(आता इथून पुढे माझ्याच्याने 'तुम्ही' लिहवत नाही. अमीरबीला काय म्हणायचं ते म्हणू दे.)

गोकुळ, मी ते तीन वेळा वाचलं. उलटतपासणीच नव्हती, जे विचारलं ते जज्जसाहेबांनीच. माझ्या वकिलाने फक्त एक ओळ सांगितली होती, की काही विचारायचं नाही. कोणी कोणाला सोललं नव्हतं. तूच उभा राहून, समोर वामनराव बसलेले असताना, ज्यांच्या ओळखीने नोकरी लागली त्यांच्या तोंडावर सांगून टाकलंस, आणि मग जालन्याच्या गाडीत जाऊन बसलास. तुला वाटलं असेल, सईदला कळलं असेल. खिडकीतून हात वर केलास तो त्यासाठी केलास. आणि मी पानवाल्याला विचारत होतो की चुना ताजा आहे का. ढोलाचं तर मी पार विसरलो होतो. काविळीत तू हळदीसारखा झाला होतास आणि वैद्याने तुझ्या वडिलांना, भगवानरावांना, बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं होतं, तेवढं आठवतं. मी काय बोललो होतो ते तूच लक्षात ठेवलंस.

हीनाने विचारलं, "नाना, रडून राह्यले का?" मी म्हणालो, नाही, जुन्या कागदाची धूळ. तिने सांगितलं की ही कालची झेरॉक्स आहे.

एक गोष्ट मात्र राहिली. तुझ्या साक्षीत शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, मी मुद्दाम वर उतरवली नाही. "हे म्हणणे खरे आहे की, प्रतिवादी कॉर्नेट बरे वाजवतो." बरे! शपथेवर, भर कोर्टात, बरे! काविळीतून उठवलेल्या माणसाकडून मला 'उत्तम' नाही तरी 'चांगले' अपेक्षित होतं. महामायाबाईंनी सगळ्या साक्षीचं इंग्रजी करून दिल्लीला पाठवलं. मी त्यांना म्हणालो, तेवढं एक सुधारा. त्या म्हणाल्या, कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये हात घालता येत नाही.

मग तारखेची वाट पाहत बसलो. मी निळा गणवेश इस्त्री करून ठेवला. पितळी बटणं चिंचेने घासली. आयुष्यात एकदा कोर्टात गेलो नाही त्याची चुटपुट होती, म्हणून या वेळी पहिल्या बाकावर बसणार होतो. रोज हीनाला विचारायचो, दिल्लीची गाडी कोणती, शेगाववरून मिळते की मलकापूरला जावं लागेल? पुकारा कोण करतं? एक दिवस ती म्हणाली, "नाना, कुठीच जायचं नाई. सगळं ईमेलवर चालू हाये. लवादसाहेब आपले कागद वाचून राह्यले, त्यांचे बी वाचून राह्यले." मी विचारलं, मग समोरच्याचं तोंड कधी दिसणार? म्हणाली, कधीच नाही. न्यायाधीश दिसत नाही, आरोपी दिसत नाही, शिपाई नाही, बाहेर भजी नाही. हे कसलं कोर्ट? तरी निकाल यायचा त्या आठवड्यात मी गणवेश घालून तिच्या मोबाईलसमोर बसलो. दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी अमीरबीने तो धुवायला टाकला आणि त्याच दुपारी निकाल आला.

जिंकलो रे. या वेळी खरंच जिंकलो. पत्ता आपल्याला द्यावा असा हुकूम. अकरा पानं आहेत. त्यात लवादसाहेबांनी लिहिलं आहे की समोरच्या कंपनीला हे नाव का घेतलं ते सांगता आलं नाही, आणि या बँडला हे नाव कसं मिळालं ते एका माणसाने अडतीस वर्षांपूर्वी शपथेवर, आपलं नुकसान होत असताना सांगून ठेवलेलं आहे. मग खाली तुझी साक्ष छापली आहे, पूर्ण. ते निकाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. म्हणजे आता तू इंटरनेटवर आहेस. काविळीसकट. अमेरिकेतला माणूससुद्धा वाचू शकतो की सईद खान कॉर्नेट बरे वाजवतो. (हीना म्हणते, इंग्रजीत ते आणखी उतरलं आहे. तिथे 'टॉलरेबल' झालं आहे, म्हणजे सोसवेल इतपत.) गावात बातमी पसरली तशी हॉटेलात राम वाचून दाखवायला लागला आणि त्या ओळीवर येऊन थांबला की चहा पिणारे सगळे माझ्याकडे वळून पाहतात. तो मुद्दाम थांबतो. तुझ्याच घरचा आहे.

आज सकाळी हीनाने तो पत्ता उघडून दाखवला. आधी आपली गाडी, मग आमच्या नऊ जणांचा फोटो. स्थापना एकोणऐंशी. तिने विचारलं, संस्थापक म्हणून कोणाचं नाव? मी दोन्ही सांगितली. ती म्हणाली, आधी कोणाचं? मी तुझं सांगितलं. उपकार म्हणून नव्हे. वर्णानुक्रमे ग आधी येतो.

तर एवढंच कळवायचं होतं. माझ्या मनात आता कसलाही राग राहिलेला नाही. वहिनींना नमस्कार. वामनराव आता नाहीत असं राम म्हणाला, त्यांच्या फोटोलाही माझा सलाम सांग, कारण त्यांनी दावा लावला नसता तर आपल्याजवळ कागद नसता.

तुझा प्रतिवादी,
सईद

ता. क. – हीनाचं लग्न सात डिसेंबरला आहे, रविवारी. मुलगा मेहकरचा, शाकिर नाव. पत्रिका वेगळी येईल. तुला ती बिदाईची धून आठवते का? तू बसवलेली, मुलगी गाडीत बसताना वाजवायची. तिचा अंतरा मी विसरलो आहे. तू गेलास त्या उन्हाळ्यापासून पहिलंच कडवं तीनदा वाजवून वेळ मारून नेतो. बायका रडतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पण हीनाला अर्धी धून देऊन घरातून पाठवायची माझी इच्छा नाही. तू ये. क्लॅरिनेट असेल तर घेऊन ये, नसेल तर तोंडाने म्हण, मी धरून घेतो.

दुसरं ता. क. – वर राग राहिलेला नाही असं लिहिलं ते खरं नाही. दाव्याचा राग गेला. न सांगता गेलास त्याचा आहे. तुझ्या साक्षीनंतर माझ्याकडून एक शब्दही आला नाही, त्याचा तुलाही असेल. एका दिवसात उरकणार नाही, म्हणून चार तारखेलाच ये.

तिसरं ता. क. – हीना म्हणते, एवढी पानं कशाला, रामने फोन नंबरही दिला आहे. तिला माहीत नाही. गेल्या महिन्यात तुझ्या फोनवर तीनदा घंटी वाजली आणि तू हॅलो हॅलो करत राहिलास, कोणी बोललं नाही, तो मी होतो. आज चौथ्यांदा लावला तेव्हा तू हॅलो न म्हणता चिडून ओरडलास, "कोन बे?" मी फोन ठेवला आणि कागद घेऊन बसलो.